जुनापाणीची शिलावर्तुळे आणि अथेन्सचा दाखला

काटोल रस्त्यावरील जुनापाणीच्या निमित्ताने नागपुरात एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: तिथली शिलावर्तुळे, म्हणजे प्राचीन दफनांभोवती गोलाकार मांडलेले मोठे दगड, उकरून झाली आहेत, कायद्यामुळे भोवतालच्या ३०० मीटरमध्ये वीटही रचता येत नाही, आणि अथेन्समध्ये अवशेषांवर इमारत चालते तर इथे का चालू नये?

‘उकरून झाली’ हे खरे नाही. जुनापाणीला सुमारे ३०० वर्तुळे आहेत. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी एकोणिसाव्या शतकात आणि पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी १९६१-६२ मध्ये त्यांपैकी मोजकीच खणली. शिवाय खणल्यावर संग्रहालयात जातात ती आत सापडलेली भांडी आणि लोखंडी अवजारे, वर्तुळ जात नाही. काही दगडांवर कोरलेले वाटीसारखे खळगे कोणत्या दिशेला आहेत, हे दगड जागचा हलला की कायमचे पुसले जाते.

कायद्याबाबत अर्धेच सांगितले आहे. प्राचीन स्मारकांच्या संरक्षणासाठीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे; त्यापुढच्या २०० मीटरमध्ये ते परवानगीने करता येते.

अथेन्सचा मुद्दा मात्र विचार करण्याजोगा आहे. २००९ मध्ये खुले झालेले ॲक्रोपोलिस संग्रहालय खरोखरच प्राचीन वस्तीच्या अवशेषांवर, खांबांच्या आधाराने उभे आहे, आणि काचेच्या फरशीतून ते अवशेष दिसतात. पण तिथे आधी सविस्तर उत्खनन झाले, अवशेष टाळून खांबांच्या जागा ठरल्या, आणि मुख्य म्हणजे ते अवशेष जमिनीखाली होते. आपली वर्तुळे जमिनीवरच मांडलेली आहेत आणि दफनाचे थर त्यांच्या लगेच खाली आहेत. काळ्या मातीत पाया घ्यायचा तर मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणावे लागते. त्या खणण्यातच दफन संपते. काचेची फरशी टाकून दाखवायला मग उरणार काय?

जिल्ह्यातली कित्येक वर्तुळे संरक्षित यादीत नाहीत, खासगी शेतांत आहेत, आणि खरी अडचण तिथे आहे. तरीही वर्तुळावर न बांधता त्याच्या शेजारी बांधता येते. राज्याच्या विकास नियमावलीप्रमाणे मोठ्या लेआउटमध्ये सर्वसाधारणपणे १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. ती बहुधा कोपऱ्यातल्या, न विकल्या जाणाऱ्या तुकड्यात काढली जाते (हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको). तीच वर्तुळांभोवती धरली तर मालकाचे विक्रीयोग्य क्षेत्र फारसे घटत नाही. मात्र त्यासाठी मोजणीच्या वेळीच प्रत्येक वर्तुळ नकाशावर यायला हवे, रस्त्याचा मुरूम पडण्याआधी.