ज्वालामुखीच्या माथी फोडलेले खापर

जागतिक तापमानवाढ हा निव्वळ बनाव असल्याचे 'सिद्ध' करणारा एक लांबलचक संदेश दर काही महिन्यांनी नवा मथळा लावून फिरत असतो. आजवर तो वाचून सोडून देता येत होता. या वेळी तो माझ्या थोरल्या बहिणीने पाठवला, आणि ताई निवृत्त गणित-शिक्षिका असल्यामुळे सोबत शेराही होता : 'आकडे जुळतात, वाचून बघ.' आयुष्यभर विद्यार्थ्यांना 'नुसते उत्तर नको, रीत दाखवा' असे बजावणाऱ्या व्यक्तीलाही जो मजकूर गुंडाळू शकतो, त्याचा एकदाचा समाचार घेणे भाग आहे.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे : हवेत कार्बन डायऑक्साइड अवघा 0.04 टक्के असतो. दरवर्षी हवेत जाणाऱ्या या वायूत माणसाचा वाटा 3 टक्के, बाकी सारा निसर्गाचा. मानवजातीने आजवरच्या इतिहासात सोडला नसेल इतका वायू एखादा मोठा ज्वालामुखी एका उद्रेकात ओकतो. हवामान तर माणूस नव्हता तेव्हाही बदलत होते. खरे कारण सूर्य. 1970च्या दशकात हेच शास्त्रज्ञ हिमयुगाची भीती घालत होते. आणि हा वायू म्हणजे वनस्पतींचे अन्न, तेव्हा तो वाढला तर बरेच. शेवटी ठळक अक्षरांत निष्कर्ष : आपण काहीही केले तरी फरक पडणार नाही.

यांतला ज्वालामुखीचा मुद्दा सर्वांत हास्यास्पद आहे आणि नेमका तोच सर्वांना पटतो, कारण आकाशात उसळलेला राखेचा लोट डोळ्यांना दिसतो आणि लाखो वाहनांच्या मागून निघणारा रंगहीन वायू दिसत नाही. म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करू.

विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक म्हणजे फिलिपिन्समधल्या पिनातुबो पर्वताचा जून 1991मधला उद्रेक. त्यातून बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा अंदाज सुमारे 5 कोटी टनांचा आहे. आता दुसरी बाजू पाहावी. कोळसा, तेल, नैसर्गिक वायू जाळून आणि सिमेंट बनवून मानवजात सध्या वर्षाला सुमारे 37 अब्ज टन, म्हणजे दिवसाला साधारण 10 कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते. पिनातुबोने त्या अवाढव्य उद्रेकात जेवढा वायू सोडला, तेवढा सोडायला आपल्याला अर्धा दिवस पुरतो. जमिनीवरचे आणि समुद्रतळाचे सगळे ज्वालामुखी एकत्र धरले तरी त्यांचे वर्षभराचे उत्सर्जन अर्ध्या अब्ज टनाच्या आतच राहते, असे भूवैज्ञानिकांचे अंदाज सांगतात. आणि 'मानवजातीच्या सर्व इतिहासाइतका' हा जो दावा आहे, त्याचा हिशेब तर करूच नये असा आहे : 1850पासून 2019पर्यंत आपण जंगलतोडीसह सुमारे 2,400 अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला आहे, तेव्हा त्याची बरोबरी करायला पिनातुबोसारखे 48,000 उद्रेक लागतील.

हे सगळे अंदाज आहेत, त्यांवर विश्वास का ठेवावा, असे कोणी विचारील. विचारावेच. त्यासाठी ज्या एका नोंदीपाशी हा सारा वाद संपायला हवा होता, तिच्याकडे जाऊ. अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च 1958मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर, सुमारे 3,400 मीटर उंचीवर, हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. 1959 सालची सरासरी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे 316 होती. 2024मध्ये ती सुमारे 424 झाली. उत्तर गोलार्धातल्या वनस्पती उन्हाळ्यात वायू शोषतात आणि हिवाळ्यात सोडतात, त्यामुळे या आलेखाला दरवर्षी करवतीसारखे दाते पडतात, आणि ते दाते वर्षागणिक वर सरकत जातात. ज्वालामुखी हे वाढीचे कारण असते, तर मोठ्या उद्रेकाच्या वर्षी या रेषेने उडी मारायला हवी होती. पिनातुबोच्या उद्रेकानंतरच्या दोन वर्षांत तिच्या वाढीचा वेग उलट मंदावला. उद्रेकातून वातावरणाच्या वरच्या थरात गेलेल्या दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइडपासून बनलेल्या सूक्ष्म कणांनी सूर्यप्रकाश अडवला, पृथ्वीचे सरासरी तापमान काही काळ सुमारे अर्ध्या अंशाने उतरले, आणि त्या थंडाव्यात व विखुरलेल्या प्रकाशात वनस्पतींनी आणि जमिनीने नेहमीपेक्षा अधिक वायू धरून ठेवला. ज्याला तापमानवाढीचा आरोपी म्हणून उभे केले आहे, त्याने प्रत्यक्षात काही काळ पृथ्वी थंड केली होती!

इथे चलाख वाचक म्हणतो की मौना लोआ हा स्वतःच ज्वालामुखी आहे, मग तिथली मोजणी कशी मानायची? शंका रास्त आहे आणि ती कीलिंग यांनाही सुचली होती. डोंगराच्या मुखातून निघणारा वायू वाऱ्याच्या विशिष्ट दिशेला, विशिष्ट वेळी यंत्रापर्यंत येतो, त्याने आकडा अचानक हेलकावतो, आणि अशी मोजमापे ओळखून वगळली जातात. त्याहून सोपा पुरावा म्हणजे दक्षिण ध्रुवावर, जिथे जवळपास धुमसणारा डोंगर नाही, तिथली त्याच काळात सुरू झालेली नोंदही हीच वाढ दाखवते.

शिवाय या वाढलेल्या कार्बनवर त्याच्या जन्मस्थानाची खूण आहे. कार्बनचे वेगवेगळ्या वजनांचे प्रकार असतात, त्यांना समस्थानिक म्हणतात. त्यांतला कार्बन-14 हा किरणोत्सारी समस्थानिक सुमारे 5,730 वर्षांत निम्मा होतो, त्यामुळे कोट्यवधी वर्षे गाडल्या गेलेल्या कोळशात आणि तेलात तो उरलेलाच नसतो, आणि असे इंधन जाळत गेल्यावर हवेतले त्याचे प्रमाण पातळ होत जाते. रसायनशास्त्रज्ञ हान्स स्यूस यांनी हे 1950च्या दशकातच दाखवून दिले होते. ज्वालामुखीच्या कार्बनमध्येही कार्बन-14 नसतो हे खरे, पण वनस्पतींपासून बनलेल्या इंधनात कार्बन-13 या दुसऱ्या समस्थानिकाचे प्रमाण कमी असते, ज्वालामुखीच्या वायूत ते तसे कमी नसते, आणि हवेतले कार्बन-13चे प्रमाण सतत घटते आहे. त्यावरही ज्याचे समाधान होत नाही त्याने ऑक्सिजनकडे पाहावे. इंधन जळताना ऑक्सिजन खर्च होतो, ज्वालामुखीला वायू सोडायला तो लागत नाही. चार्ल्स कीलिंग यांचे पुत्र राल्फ कीलिंग यांनी सुरू केलेल्या मोजमापांत हवेतला ऑक्सिजन अगदी किंचित, पण न चुकता कमी होताना दिसतो. (श्वासाला कमी पडेल इतका तो घटलेला नाही; यावरून नवा घबराटीचा संदेश कोणी तयार करू नये.)

आता ताईला पटलेले 3 टक्के. श्वसन, कुजणे, समुद्रातून बाहेर पडणे अशा मार्गांनी निसर्ग दरवर्षी शेकडो अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, आणि त्या आकड्याशेजारी माणसाचा वाटा खरोखरच लहान दिसतो. आज तो चार-पाच टक्क्यांच्या आसपास भरतो. पण संदेशाने बेरीज दाखवली आणि वजाबाकी लपवली. निसर्ग जेवढा वायू सोडतो, त्याहून थोडा अधिक परत शोषतो. हे कशावरून? जंगलतोड धरून आपण वर्षाला सुमारे 40 अब्ज टन सोडतो, आणि हवेतली प्रत्यक्ष वाढ त्याच्या जवळजवळ निम्मी भरते. उरलेला निम्मा वायू समुद्राने आणि जमिनीने घेतलेला आहे. म्हणजे या व्यवहारात निसर्ग घेणारा आहे, देणारा नाही, आणि हवेत साठत गेलेली सगळी वाढ माणसाच्या खात्यावर पडते. ज्या गणितात टक्केवारी बरोबर येते पण टक्के कशाचे हे सांगितलेले नसते, त्याला ताईने वर्गात किती गुण दिले असते, हे मी तिलाच विचारले आहे.

0.04 टक्क्यांच्या मुद्द्यातही हीच लबाडी आहे. कोरड्या हवेचा 99 टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा असतो, आणि पृथ्वीवरून वर जाणाऱ्या उष्णतेला, म्हणजे अवरक्त किरणांना, हे दोन्ही वायू अडवतच नाहीत. अडवण्याचे काम पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन अशा वायूंचे; भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी ते 1859मध्ये प्रयोगशाळेत मोजून दाखवले. हे वायू नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान 15 अंशांच्या आसपास न राहता उणे 18 अंश असते. प्रमाण क्षुल्लक म्हणून परिणाम क्षुल्लक, असे मानणाऱ्यांनी ओझोन आठवावा : साऱ्या वातावरणात मिळून तो दहा लाखांत एका भागापेक्षाही कमी आहे, आणि तरीही सूर्याच्या घातक अतिनील किरणांचा बहुतांश भाग तोच थोपवतो. औद्योगिक युगापूर्वी दहा लाखांत 280 असलेला कार्बन डायऑक्साइड आज निम्म्याहून अधिक वाढला आहे, हे वाक्य मात्र संदेशात कुठेही नाही.

सूर्याचे उत्तर लहान आहे. उपग्रहांनी 1978पासून सूर्याच्या ऊर्जेची सलग मोजणी केली आहे आणि तिच्यात अकरा वर्षांचे चढउतार सोडले तर वाढीचा कल नाही. सूर्य तापला असता तर वातावरणाचे सगळे थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि त्याच्या वरचा थर, म्हणजे स्थितांबर, थंड होतो आहे. हरितगृह वायू, म्हणजे उष्णता अडवणारे हे वायू, वाढल्यावर असेच होईल, हे हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी 1967मध्येच आकडेमोडीने दाखवले होते. हिमयुगाच्या भीतीबद्दल तर एवढेच : तेव्हाच्या काही नियतकालिकांनी तशा सनसनाटी बातम्या छापल्या हे खरे, पण 1965 ते 1979 या काळातल्या शोधनिबंधांची नंतर छाननी झाली, तेव्हा थंडीचे भाकीत करणारे 7 आणि उष्णतेचे भाकीत करणारे 44 निघाले.

हवामान पूर्वीही बदलत होते, हे मान्य. पृथ्वीच्या कक्षेतले आणि आसाच्या कलातले सावकाश बदल हिमयुगे आणतात आणि नेतात. शेवटच्या हिमयुगातून बाहेर पडताना पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापली, पण त्याला साधारण दहा हजार वर्षे लागली. आपण अवघ्या दीडशे वर्षांत एका अंशाच्या पुढे गेलो आहोत. अंटार्क्टिकातल्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे गेल्या 8 लाख वर्षांची साक्ष देतात, आणि त्यांत कार्बन डायऑक्साइड कधीही आजच्या पातळीजवळ पोहोचलेला दिसत नाही. हवामान पूर्वी बदलले, यातून ते सहज ढळू शकते एवढेच सिद्ध होते, आणि ते दिलासा देणारे नाही.

वनस्पतींच्या अन्नाची गोष्ट मात्र अर्धी खरी आहे, हे नाइलाजाने कबूल करावे लागते. कार्बन डायऑक्साइड वाढल्याने अनेक वनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण वाढते आणि उपग्रहांच्या छायाचित्रांत पृथ्वीचा काही भाग अधिक हिरवा झालेलाही दिसतो. संदेश इथेच थांबतो. मक्यासारख्या पिकांना या वाढीव वायूचा फारसा लाभ होत नाही. गहू आणि तांदूळ त्यावर जोमाने वाढले तरी त्यांच्या दाण्यांतले प्रथिन, जस्त आणि लोह कमी होते. आणि तापमानवाढीच्या दर अंशामागे जगाचे गव्हाचे उत्पादन सुमारे 6 टक्क्यांनी घटेल, असा अंदाज आहे. उष्णता आणि दुष्काळ वगळून केवळ वायू मोजायचा असेल, तर बंद काचघरातली शेतीच करावी लागेल.

शेवटचा ठळक अक्षरांतला निष्कर्ष सर्वांत घातक आहे, कारण वरचे सातही मुद्दे विसरले गेले तरी तोच मनात उरतो. वाढ माणसाच्या हातून झाली नसती तर तो बरोबर ठरला असता; ती झाली आहे, म्हणूनच तो चूक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या हवामानबदलविषयक समितीच्या 2021च्या अहवालानुसार हवेत सोडलेल्या प्रत्येक 1,000 अब्ज टन कार्बन डायऑक्साइडमागे पृथ्वी सुमारे 0.45 अंशाने तापते, आणि या वायूचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आले की त्यामुळे होणारी तापमानवाढही जवळजवळ थांबते. वर्षाला 40 अब्ज टनांच्या वेगाने ते 1,000 अब्ज टन भरायला 25 वर्षे लागतील, आणि तो वेग निम्मा केला तर 50.