डिशला फॉइल चिकटवून पाऊस थांबत नाही

गेल्या आठवड्यात गोव्यातल्या डिचोलीच्या काकांना फोन केला तर काकी म्हणाली, "ते कौलांवर चढलेत." आषाढाचा पाऊस, शेवाळलेली मंगळुरी कौलं, वय एकाहत्तर आणि हातात चपात्या गुंडाळायचं फॉइल!

कारण फॅमिली ग्रुपवरचा मेसेज: 'पावसात टीव्ही जातो? डिशला फॉइल चिकटवा, सिग्नल दुप्पट. स्ट्रेंथ 90 च्या खाली असेल तर डिश बाद. अ‍ॅम्प्लिफायर लावा. 5जी टॉवर सिग्नल खातो.'

फॉइलचं आधी. तबकडी धातूचीच असते. तिच्यावर पडतं ते जवळपास सगळं ती आधीच परतवते, फॉइल त्यात काय भर घालणार? उलट उपग्रहाकडून येणारी लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची. चुरगळलेल्या फॉइलने तबकडीचा आकार बिघडला की ती लहर एलएनबीच्या, म्हणजे तबकडीसमोरच्या दांडीवर सिग्नल टिपणाऱ्या डबीच्या, तोंडाशी नीट एकवटत नाही. बरं, समजा झाला सिग्नल दुप्पट. सिग्नलची वाढ-घट डेसिबलमध्ये मोजतात; दुप्पट म्हणजे 3 डेसिबल. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.838 शिफारशीतल्या सूत्राने हिशेब केला: 12 गिगाहर्ट्झला, तासाला 100 मिलिमीटरच्या वेगाने पाऊस कोसळत असेल तर किलोमीटरमागे साधारण साडेपाच डेसिबल जातात. म्हणजे ती दुप्पट कमाई अर्ध्या किलोमीटरच्या पावसातच बुडाली. तासाला 5 मिलिमीटरच्या रिपरिपीत मात्र किलोमीटरला 0.2 डेसिबलसुद्धा जात नाही. म्हणून रिपरिपीत मालिका चालू राहते आणि मोठी सर आली की पडद्यावर चौकोन चौकोन. सर ओसरली की चित्र आपोआप येतं. तेवढ्यासाठी शिडी लावायची? विजा चमकत असताना?

आता स्ट्रेंथ. बॉक्स पडद्यावर दोन आकडे दाखवतो, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथ म्हणजे एकूण सिग्नल किती आला, गोंगाटासकट. त्यातलं बॉक्सला नीट वाचता किती येतं, ते क्वालिटी सांगते. डिश भलत्याच उपग्रहाकडे वळलेली असली तरी स्ट्रेंथ झकास दिसू शकते, क्वालिटी शून्य. शिवाय टक्के ज्याच्या त्याच्या बॉक्सचे. शेजाऱ्याच्या 90 शी आपले 65 ताडून पाहू नयेत.

अ‍ॅम्प्लिफायर सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो. केबल फारच लांब असेल तर लावा, एरवी पैसे पाण्यात.

5जीचं थोडं मान्य करावं लागतंय, नाइलाजाने. त्याचा 3.3 ते 3.67 गिगाहर्ट्झचा पट्टा सी-बँड नावाच्या उपग्रहांच्या पट्ट्याला खेटून आहे, तेव्हा त्यावर चालणाऱ्या केबलवाल्यांच्या मोठ्या तबकड्यांना त्रास होऊ शकतो. घरची डिश चालते केयू-बँड या बऱ्याच वरच्या पट्ट्यावर, 10.7 ते 12.75 गिगाहर्ट्झमध्ये. काकांच्या दारातल्या टॉवरचा तो पट्टा तिथवर पोचतच नाही.

काकांची क्वालिटी कोरड्या दिवशीही घसरायची, ती माडामुळे. त्यांच्याकडे फ्री डिश, दूरदर्शनची फुकट सेवा. तिचा जीसॅट-15 हा उपग्रह 93.5 अंश पूर्वेला, म्हणजे गोव्यातून आग्नेयेकडे, क्षितिजापासून सुमारे 60 अंश वर. तबकडी समोर बघतेय असं वाटतं, प्रत्यक्षात तिची नजर बरीच वर असते. त्या वाटेत माडाची दोन चुडतं, म्हणजे झावळ्या, आली होती. माडावर चढणाऱ्या पाडेलीला सांगून ती उतरवली. फॉइल काकीने परत स्वयंपाकघरात नेलं.