कॅमारोची आशा सोडा म्हणणाऱ्यांना

गेले काही दिवस गाडीवेड्यांच्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, मलाच तो चार जणांनी पाठवला, त्यातले दोघं पुण्यातले माझे कॉलेजचे मित्र, आणि चौघांनी खाली एकच वाक्य लिहिलंय की बघ, तुझ्या कॅमारोचं काय झालं. (कॅमारो म्हणजे जनरल मोटर्सच्या शेव्हरोलेची दोन दारांची गाडी, २०२३ च्या शेवटी बंद झालेली.) मेसेजमधलं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकन मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनची ताकदवान गाडी, १९७३ च्या तेलसंकटाने मारली, नंतर कंपन्यांनी जेवढी जुनी नावं परत आणली ती सगळी आपटली, या गाड्या सरळ रस्त्यावर पळतात पण वळणावर घाबरतात, व्ही-८ शिवाय, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडर बसवलेल्या इंजिनाशिवाय, मसल कार म्हणजे मसल कारच नाही आणि व्ही-८ चा जमाना संपला, सबब कॅमारो परत येईल ही आशा सोडून द्या. मी अकरा वर्षं मिशिगनमधे राहतोय, जिथे ही गाडी बनायची त्या लॅन्सिंगपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर, आणि हा मेसेज वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण त्यात थोडं खरं आहे आणि बाकीचं सगळं ऐकीव आहे. तर एकेक बघू. (काटेकोर बोलायचं तर कॅमारो ही पोनी कार, म्हणजे जरा आटोपशीर स्पोर्टी गाडी, पण लोक दोन्हीला मसल कारच म्हणतात, मीही तेच म्हणतो.)

पहिलं, तेलसंकट. हे सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं आणि तारखा लावल्या की लगेच कोसळणारं. अरब देशांनी तेल अडवलं ते ऑक्टोबर १९७३ मधे. त्याच्या आधीच काय काय होऊन गेलं होतं बघा. १९७० च्या आसपास इन्शुरन्सवाल्यांनी मोठ्या इंजिनच्या गाड्यांवर असा जादा प्रीमियम लावला की वीस-बावीस वर्षांच्या पोराला हप्त्यापेक्षा विमाच जड जायला लागला. १९७० मधेच हवेच्या प्रदूषणाचा कडक कायदा आला. १९७१ च्या मॉडेल्समधे जनरल मोटर्सने इंजिनांचं कॉम्प्रेशन कमी केलं, कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून. १९७२ ला ताकद मोजायची पद्धत बदलली, म्हणजे आधी इंजिन टेबलावर ठेवून सायलेन्सर वगैरे न लावता मोजायचे ते आता गाडीत बसवल्यासारखं मोजायला लागले, त्यामुळे कागदावरचा आकडा एका रात्रीत खाली आला. आणि कॅमारोपुरतं बोलायचं तर सगळ्यात मोठा घाव १९७२ चाच, ओहायोमधल्या नॉरवुडच्या कारखान्यात १७४ दिवस संप चालला, अर्धवट बनलेल्या गाड्या लाइनवर तशाच अडकून राहिल्या, आणि संप मिटेपर्यंत १९७३ चे बंपरचे नवे नियम दारात येऊन उभे होते, त्या नियमात बसत नाहीत म्हणून अकराशेच्या आसपास कॅमारो भंगारात काढाव्या लागल्या. कोऱ्या गाड्या. तेव्हा कंपनीत ही गाडीच बंद करायचा विचार चालला होता, आणि हे सगळं तेलसंकटाच्या वर्षभर आधी.

बरं, तेलाने मारली म्हणता तर १९७९ चं काय करायचं? इराणमधे क्रांती झाली, अमेरिकेत पेट्रोल पंपांवर परत रांगा लागल्या, आणि त्याच १९७९ च्या मॉडेलच्या २,८२,५७१ कॅमारो बनल्या. कॅमारोच्या पूर्ण इतिहासातला हा सगळ्यात मोठा आकडा आहे, १९६९ पेक्षाही मोठा. ताकद कमी झालेली होती, मान्य, तिचं ताकदवान मॉडेल झेड-२८ सुद्धा १७५ हॉर्सपॉवरवर आली होती, पण लोकांना ती गाडी हवी होती आणि पंपावर रांग लावून लोकांनी ती घेतली. पेट्रोल महाग झालं की अशा गाड्या मरतात हे गणित इतकं सरळ नाहीये.

दुसरं, परत आणलेल्या सगळ्या आपटल्या. इथे मेसेजवाला जनरल मोटर्सच्याच पाँटिअॅक जीटीओचं उदाहरण देतो, आणि ते उदाहरण खरं आहे. १९६४ ची जीटीओ म्हणजे या सगळ्याची सुरुवात मानतात, मधल्या साइजच्या गाडीत ३८९ क्युबिक इंचाचं इंजिन बसवलं, कंपनीचा इंजिनाच्या साइजचा नियम मोडू नये म्हणून वेगळं मॉडेल न करता ऑप्शन म्हणून विकलं. तेच नाव २००४ ला परत आलं ते ऑस्ट्रेलियाच्या होल्डन मोनारोवर चिकटवून. गाडी चांगली होती हो, इंजिन तर फारच छान, पण बघून कोणाला जीटीओ आठवेल असं तिच्यात काही नव्हतं, तीन वर्षांत चाळीस हजारांच्या आसपास गेल्या आणि विषय संपला. याहून वाईट उदाहरण मी देतो, १९७८ ला डॉजचं चॅलेंजर हे नाव मित्सुबिशीच्या छोट्या चार सिलिंडरच्या गाडीला लावलं होतं. नुसतं नाव परत आणून भागत नाही, इथपर्यंत मेसेजवाला आणि मी एकत्र आहोत.

पण मग त्याने चॅलेंजरचं पुढचं का नाही लिहिलं? २००८ ला डॉजने तीच १९७० ची लांब बोनेटची, रुंद खांद्यांची गाडी परत आणली आणि आकार जवळजवळ न बदलता २०२३ च्या शेवटापर्यंत विकली. चेसिसमधे मर्सिडीजच्या जुन्या सामानाचा अंश, वजनाला भारी, आणि तरी २०२१ मधे, म्हणजे तेरा वर्षं जुनी झाल्यावर, तिने अमेरिकेत विक्रीत फोर्डच्या मस्टँगला मागे टाकलं. आणि कॅमारो? ऑगस्ट २००२ ला बंद झाली, २००९ मधे २०१० चं मॉडेल म्हणून परत आली, तेही कसल्या वेळेला, आदल्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलेलं, आणि गाडी शोरूममधे पोचत होती तेव्हाच १ जून २००९ ला जनरल मोटर्सने दिवाळखोरी जाहीर केली. याहून वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही. तरी २०१० मधे ८१,२९९ विकल्या, मस्टँगपेक्षा जास्त, आणि पुढे २०१४ पर्यंत सलग पाच वर्षं मस्टँगच्या पुढेच राहिली. याला आपटणं म्हणत असतील तर मला त्या शब्दाचा अर्थ परत शिकायला लागेल.

नंतर विक्री पडली हे मी लपवत नाही. २०१६ ला सहावी पिढी आली आणि ती चालवायला आधीच्या कॅमारोपेक्षा कितीतरी सरस होती, हलकी, आखूड, स्टिअरिंग एकदम बोलकं, पण काचा इतक्या अरुंद की आत बसलं की खंदकात बसल्यासारखं वाटतं, डिक्कीचं तोंड एवढंसं, मागची सीट नावापुरती आणि किंमत वर गेलेली. २०२१ ला २१,८९३ पर्यंत खाली आली. लोकांनी मसल कार नाकारली असं म्हणायचं तर त्याच वर्षी चॅलेंजर ५४ हजारांच्या वर कशी गेली? लोकांनी खिडकी नाकारली. मला हे मनापासून वाटतं, आणि म्हणूनच आशा वाटते, कारण खिडकी मोठी करता येते.

वळणाचा मुद्दा पटकन संपवतो, कारण त्यात दम नाही. पहिली झेड-२८ बनलीच ट्रान्स-अॅम रेसिंगसाठी, तिथे ५ लिटरची मर्यादा होती म्हणून ३०२ क्युबिक इंचाचं इंजिन, पहिल्या वर्षी फक्त ६०२ गाड्या, आणि १९६८, १९६९ दोन्ही वर्षं रेसर मार्क डोनोह्यूने पेन्स्के टीमच्या कॅमारोवर चॅम्पियनशिप काढून दिली, वळणावळणाच्या ट्रॅकवर. आणि २०१७ ला कॅमारोच्याच झेडएल१ १एलई मॉडेलने जर्मनीच्या न्युरबुर्गरिंगला ७ मिनिटं १६ सेकंदांत फेरी मारली. तो ट्रॅक वीस किलोमीटरच्या वर आहे आणि त्यात सरळ रस्ता फार थोडा.

आता व्ही-८. इथे माझ्या स्वतःच्या मनात दोन बाजू आहेत, कारण त्या आवाजासाठीच मी या नादाला लागलो, लहानपणी गल्लीत बुलेटची फायरिंग ऐकून जे व्हायचं तेच पण दहापट. पण डेट्रॉइटला दरवर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्या निघतात, लोक फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून दिवसभर बघत बसतात, तिथे दोन वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी मला त्यांची १९६७ ची कॅमारो दाखवली. फिकट पिवळी, बाजूला पट्टे नाहीत, काही नाही. त्यांनी बोनेट उचललं तर आत व्ही-८ नाहीच, एका ओळीत सहा सिलिंडर, १४० हॉर्सपॉवरचं साधं इंजिन, आणि दोन्ही बाजूंना एवढी मोकळी जागा की कोपरापर्यंत हात घालून खालचा नट काढता येईल. गाडी चालू होती तरी आम्ही आवाज न चढवता बोलत होतो. त्यांच्या आईने नवी घेतली होती, ती शाळेत शिकवायची, रोज याच गाडीने जायची. पहिल्या वर्षी दोन लाख वीस हजार कॅमारो बनल्या त्यातल्या पन्नास हजारांच्या वर अशाच सहा सिलिंडरच्या होत्या, सुरुवातीची किंमत २,४६६ डॉलर. म्हणजे शिक्षिकेला परवडेल अशी, दोन दारांची, बघून मान वळेल अशी गाडी, ही मूळ कल्पना. मोठ्या इंजिनची गाडी पोस्टरवर होती आणि रस्त्यावर ही पण होती.

आणि व्ही-८ चा जमाना संपला हेही खरं नाही. जनरल मोटर्सने मे २०२५ मधे न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडाच्या कारखान्यात नव्या पिढीच्या व्ही-८ साठी ८८८ दशलक्ष डॉलर घालायचं जाहीर केलं. ती इंजिनं ट्रक आणि मोठ्या एसयूव्हीसाठी आहेत, बरोबर, पण कॅमारोचं व्ही-८ बहुतेक वेळा त्याच घराण्यातलं होतं. तिकडे रॅम या पिकअपवाल्या कंपनीने १५०० पिकअपमधून हेमी नावाचं व्ही-८ काढून टाकलं होतं ते २०२६ च्या मॉडेलमधे परत बसवलं. डॉजने आपली नवी मसल कार चार्जर आधी फक्त इलेक्ट्रिक आणली, ६७० हॉर्सपॉवर, पळायला भन्नाट, पण वजन २,६०० किलोच्या वर आणि सायलेन्सरचा आवाज स्पीकरमधून, वर्षभरात त्यातलं खालचं मॉडेल थांबवावं लागलं आणि मग सहा सिलिंडरची पेट्रोलवाली आली. मी इलेक्ट्रिकच्या विरोधात नाही, ऑफिसला मी इलेक्ट्रिकनेच जातो. पण मसल कारचं गिऱ्हाईक काय मागतंय ते या एका गाडीने दाखवून दिलं.

मेसेजवाल्याला अजून एक गोष्ट माहीत नसावी. शेवटची कॅमारो डिसेंबर २०२३ मधे ज्या लॅन्सिंग ग्रँड रिव्हर कारखान्यातून निघाली, तिथेच कॅडिलॅक सीटी५-व्ही ब्लॅकविंग पण बनत आलीये, ६६८ हॉर्सपॉवरचं सुपरचार्जरवालं व्ही-८, हाताने टाकायचे सहा गिअर, ताकद मागच्या चाकांना, आणि खालचा सांगाडा कॅमारोच्याच घराण्यातला. इंजिन आहे, गिअरबॉक्स आहे, ते जोडणारे हात आहेत. नाहीये ती फक्त वर बसवायची दोन दारांची बॉडी आणि गाडी परत आणायचा एक निर्णय, जो २००६ ला एकदा घेऊन झालाय.

मला हजार हॉर्सपॉवर नकोय. खालचं मॉडेल मस्टँगच्या खालच्या मॉडेलपेक्षा स्वस्त ठेवा, आणि त्यालाही क्लच द्या, मस्टँगमधे आता तो फक्त वरच्या व्ही-८ मॉडेल्सना मिळतो. व्ही-८ ज्याला हवं त्याला वरच्या मॉडेलमधे द्या, मी पैसे साठवून तेच घेईन. आणि मागची काच तेवढी खाली आणा, माझी मुलगी आठ वर्षांची आहे, मागे बसून तिला बाहेरचं दिसलं पाहिजे.