क्ष, साडेपाच सेंटिमीटर

काल शाळा सुटल्यावर एका विद्यार्थ्याचे आजोबा नातवाची बीजगणिताची वही दोन्ही तळहातांत दाबून धरून माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, ही वही मिटत नाही.”

वही मिटत नव्हती हे खरेच होते. बीजगणित हाताने करून शिकवावे, या उमेदीने गेले तीन महिने मी वर्गाकडून रंगीत कागद कापून, दुमडून, चिकटवून घेत आहे आणि परिणामी प्रत्येक वहीचे पोट सुटले आहे. मी समजावू लागले की मोठा चौरस म्हणजे एक्सचा वर्ग, लांब पट्टी म्हणजे एक्स आणि चिमुकला चौरस म्हणजे १. एक्स अधिक २ ला एक्स अधिक ३ ने गुणायचे झाल्यास एक मोठा चौरस, पाच पट्ट्या आणि सहा चिमुकले यांचा एक अखंड आयत जुळतो. आजोबांनी मान डोलावली, ती मला पटल्याची वाटली.

“आमच्या वेळी याला क्ष म्हणत. क्ष म्हणजे अज्ञात, बरोबर?”

“बरोबर.”

“मी तो काल रात्री मोजला. साडेपाच सेंटिमीटर भरला.”

चिमुकले चौरस पट्टीवर मांडून मुलांनी ‘एक्स म्हणजे पाच’ असे म्हणू नये, म्हणून पट्टीची लांबी मुद्दामच पूर्ण संख्येत बसणार नाही अशी ठेवतात, हे मी त्यांना बऱ्याच विस्ताराने सांगितले.

“साडेपाच,” त्यांनी शांतपणे दुरुस्ती केली आणि पान उलटले. तेथे पिवळा अधिक एक आणि लाल उणे एक शेजारी शेजारी चिकटवलेले होते, अशा सात जोड्या.

“या दोघांचे मिळून शून्य होते ना?”

“होय. म्हणूनच ते एकमेकांना घालवतात.”

“पण गेलेले दिसत नाहीत. डिंक लावल्यावर कसे जाणार? नुसत्या शून्याने वही एवढी जाड व्हावी, हे नवलच आहे.”

त्यांना काय उत्तर द्यायला हवे होते, ते मला अर्थातच रात्री अंथरुणावर सुचले. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने ‘एक्स वर्ग अधिक १० एक्स बरोबर ३९’ हे समीकरण असेच चौरसाला आयत जोडून, रिकाम्या राहिलेल्या कोपऱ्यात २५ भरून सोडवले होते. चौरस ६४ चा झाला, बाजू ८ आली आणि एक्स ३ निघाला. भास्कराचार्यांनी तर अज्ञातांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांचीच नावे दिली. म्हणजे माझ्या पिवळ्या पट्टीला चांगली कुलपरंपरा आहे. मात्र त्या थोरांपैकी कोणाला पस्तीस मिनिटांच्या तासात चाळीस मुलांना पुरतील एवढ्या कात्र्या जमवाव्या लागल्या असतील, असे वाटत नाही. पंचवीस मिनिटे कापण्यात जातात, पाच डिंक वाळण्यात, आणि उरलेल्या पाचांत बीजगणित. कागद मी आदल्या रात्री आखून आणते, त्याचा हिशेब तर कोणत्याही समीकरणात धरला जात नाही.

तरीही मी हे सारे सोसले असते. पण आजोबांनी उघडलेले शेवटचे पान मला अजून सलते आहे. अ अधिक ब यांच्या बेरजेचा वर्ग म्हणजे अ वर्ग अधिक ब वर्ग एवढेच, ही चूक मुलांच्या वहीतून कायमची जावी, याच एका कारणासाठी मी हा खटाटोप मांडला होता. तीन आणि चारची बेरीज सात, तिचा वर्ग ४९, आणि नऊ अधिक सोळा मात्र पंचवीस. उरलेले २४ त्या दोन चौरसांशेजारच्या तीन गुणिले चारच्या दोन आयतांत असतात, हे डोळ्यांना दिसावे म्हणून. त्या पानावर दोन चौरस अतिशय नेटकेपणे चिकटवलेले होते आणि आयतांचा मागमूस नव्हता.

“ते उरलेले तुकडे होते,” नातू म्हणाला. “वर्ग म्हणजे चौरस, असे बाईंनीच सांगितले होते. ते चौरस नव्हते, म्हणून कचऱ्याच्या टोपलीत टाकले.”

त्या पानावर माझ्याच लाल शाईत ‘छान’ असा शेरा होता.

आजोबांनी वही पुन्हा दोन्ही तळहातांत दाबली, ती पुन्हा उघडली. जाता जाता दारात थांबून ते अगदी आपुलकीने म्हणाले, “बाई, पुढच्या वेळी क्ष थोडा लहान घ्या. वही मिटेल.”