ब्लेझर बघून ठेव ठेवू नका

“कंपनी बोगस असती तर शाहूपुरीत एवढं एसी ऑफिस आणि टाय-ब्लेझरमधला स्टाफ कशाला ठेवला असता? सरकारी नोंदणी आहे, बाँड आहे, आठ महिने दरमहा 5 टक्के वेळेवर येतायत.” व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या या मजकुरातला एकही मुद्दा टिकत नाही.

आधी ऑफिस आणि कपडे. हा खर्च पहिल्या ठेवींतूनच निघतो, आणि तो थाट बघूनच पुढचे लोक पैसे आणतात. अमेरिकेत गुंतवणुकीचा प्रचंड घोटाळा करणारा बर्नार्ड मॅडॉफ तर नॅसडॅक या शेअर बाजाराचा माजी अध्यक्ष होता. 2008 मध्ये पकडला गेला, तोवर बड्या बँकाही फसल्या होत्या. सराफ बाजारात, गुजरीत तोळाभर सोनं घेताना आपण काटा आणि हॉलमार्क बघतो, सराफाचे कपडे नाही.

कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र किंवा जीएसटी नंबर म्हणजे ठेवी घेण्याचा परवाना नव्हे. ‘सेबी रजिस्टर्ड’ (सेबी म्हणजे शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) म्हणत असतील तर नंबर मागा. गुंतवणूक सल्लागाराचा नंबर आयएनए (INA) या अक्षरांनी सुरू होतो. सेबीच्या संकेतस्थळावर नाव-पत्ता जुळवा. नंबर खरा निघाला तरी सल्लागाराला ठरावीक परताव्याची हमी देता येत नाही, गुंतवणुकीचे पैसे स्वतःच्या खात्यात घेता येत नाहीत.

बाँडवर नोटरी सही साक्षांकित करतो. पैसे परत मिळतील याची हमी तो देत नाही.

सगळ्यात जास्त माणसं फसतात ती ‘वेळेवर येतायत’ला. 1 लाखावर महिना 5 हजार, म्हणजे आठ महिन्यांत 40 हजार. तुमचेच 60 हजार अजून त्यांच्याकडे आहेत. एक रुपयाही न कमावता ते 20 महिने असेच हप्ते देऊ शकतात. एजंटचं कमिशन आणि ऑफिसभाडं गेलं तर थोडे कमी. मधे नवे ठेवीदार आले की मुदत लांबते. रिझर्व्ह बँकेने ठेवी घेणाऱ्या फायनान्स कंपन्यांना वर्षाला 12.5 टक्के व्याजाची मर्यादा घातली आहे. इथे साधा हिशेबच वर्षाला 60 टक्के होतो! ऊसबिल आलं की एजंट दारात येतो तो हाच आकडा घेऊन.

पैसे आधीच गुंतवले असतील तर ‘रिन्यूअल’साठी मूळ बाँड परत देऊ नका. बँक स्टेटमेंट, पावत्या, एजंटचे मेसेज जपून ठेवा. हप्ता थकला, की ‘सर्व्हर डाऊन आहे’ ऐकत बसू नका. पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत लेखी तक्रार द्या. ठेवीदारांच्या संरक्षणाच्या 1999 च्या राज्य कायद्यानुसार मालमत्ता जप्त करता येते, पण ती विकून झाली असेल तर जप्त करायला उरतंच काय?