सँक्टम, टेन्युइफ्लोरम आणि पाच फुटांची रामतुळस: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुळशीच्या प्रजातीवरच्या (प्रजाती म्हणजे एकमेकींच्या नात्यातल्या जातींचा गट) लेखाखाली तुम्ही मनापासून चिडून लिहिले आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. इतर वाचकांसाठी तुमचे मुद्दे आधी थोडक्यात सांगते. तुळशीचे खरे शास्त्रीय नाव ‘ऑसिमम सँक्टम’, म्हणजे पवित्र. ते काढून ‘टेन्युइफ्लोरम’ लावणे हा परदेशी अभ्यासकांनी केलेला अपमान आहे आणि मी तो पुढे चालवला. औषधांच्या बाटल्यांवर आजही सँक्टमच छापतात. ‘तुळशीचे मूळ घर आफ्रिका’ हा मथळा खोटा आहे. जुनी पुस्तके दीडशे जाती सांगतात, मी साठ-पासष्टच लिहिल्या. आणि शेवटी, राम आणि कृष्ण तुळस एकाच जातीच्या असतील, तर तुमच्या गॅलरीत एकाच उन्हात, एकाच मातीत रामतुळस पाच फूट आणि कृष्णतुळस दीड फूट का?

यातल्या एका मुद्द्यावर चूक माझी आहे, ती खाली मान्य करते. सगळ्यांत मोलाचे मात्र तुमचे शेवटचे निरीक्षण आहे. ते अगदी बरोबर आहे, निष्कर्ष तेवढा वेगळा निघतो.

आधी नाव. सँक्टम आणि टेन्युइफ्लोरम ही दोन्ही नावे एकाच माणसाने दिली आहेत, स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनीयसने. वनस्पतींच्या नावांची अधिकृत मोजदाद त्याच्या १७५३ सालच्या ग्रंथापासून सुरू होते आणि टेन्युइफ्लोरम, म्हणजे ‘बारीक फुलांची’, हे नाव त्याच ग्रंथात आहे. सँक्टम हे नाव त्याने चौदा वर्षांनी, १७६७ साली दिले. तेव्हा त्याला त्या दोन वेगळ्या जाती वाटल्या. पुढे नमुने ताडून पाहिल्यावर दोन्ही एकच ठरल्या. एका जातीला दोन नावे मिळाली की आधीचे नाव टिकते आणि नंतरचे समनाम, म्हणजे नुसते पर्यायी नाव, होते, एवढाच हा नियम. कोणीतरी नंतर येऊन ‘पवित्र’ शब्द खोडला, असे काही घडलेले नाही.

नावाच्या अर्थाला या नियमात जागाच नाही. याच प्रजातीतली आपली रानतुळस पाहा. तिचे नाव ऑसिमम अमेरिकॅनम. ती मूळची आफ्रिका आणि आशियातली, अमेरिकेशी तिचा काही संबंध नाही. तरीही नाव आधी दिले गेले म्हणून चुकीच्या अर्थासह तेच चालते. जिथे धडधडीत चुकीचा अर्थ खपवून घेतला जातो, तिथे चांगला अर्थ आहे म्हणून नंतरच्या नावाला झुकते माप कसे मिळेल?

मग सँक्टम इतके सर्वत्र का दिसते? जोसेफ हूकरच्या ब्रिटिश भारताच्या वनस्पतिवर्णनात तुळस याच नावाने नोंदली होती आणि थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिवर्णनातही तेच नाव आले. औषधशास्त्राने नाव तिथून उचलले. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशातही सँक्टम आहे. त्यामुळे बाटलीवरचे नाव खोटे नाही, ते जुने आहे आणि त्याच झाडाचे आहे. व्यवहारात एक काळजी मात्र घ्यावी. तुळशीवरचे संशोधन शोधताना दोन्ही नावांनी शोधा. एकाच नावाने शोधले की अर्धे लेख हाती लागत नाहीत. काही जुन्या संदर्भांत ‘जेनिओस्पोरम टेन्युइफ्लोरम’ असेही सापडेल, कारण एल्मर मेरिल या अभ्यासकाने तुळस दुसऱ्याच प्रजातीत हलवून पाहिली होती. तो बदल टिकला नाही.

आता आफ्रिका. इथे चूक माझी. मराठीत ‘तुळस’ हा एकच शब्द आपण दोन पातळ्यांवर वापरतो, वृंदावनातली एक जात आणि सब्जा-रानतुळशीसकट सगळी प्रजाती. लेखात मला म्हणायची होती प्रजाती, मथळ्यात उतरली जात. वृंदावनातली तुळस उष्णकटिबंधीय आणि उपोष्ण आशियापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतच्या पट्ट्यातली आहे. तिला आफ्रिकेची म्हणणे चूकच.

प्रजातीची गोष्ट निराळी. ऑसिममच्या सर्वाधिक जाती उष्णकटिबंधीय आफ्रिकेत आहेत, त्यातही केनिया, इथिओपिया, सोमालिया या पूर्वेकडच्या भागात. आपल्याकडे लावली जाणारी कापूरतुळस, ऑसिमम किलिमांडशारिकम, नावातच किलिमांजारो घेऊन पूर्व आफ्रिकेतून आली. अमेरिकेत मोजक्याच जाती आहेत. त्यांतली ऑसिमम कँपेचिॲनम फ्लोरिडा-मेक्सिकोपासून दक्षिणेकडे पसरलेली आहे आणि विशेष म्हणजे रचनेच्या दृष्टीने ती सब्जापेक्षा आपल्या तुळशीला जवळची मानली जाते. दोघींना ‘जिम्नोसिमम’ या एकाच उपप्रजातीत ठेवतात. भारतात नैसर्गिकरीत्या वाढणाऱ्या जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

म्हणून आपली तुळस परकी ठरते का? आंब्याचे पाहा. मँजिफेरा प्रजातीच्या बहुतेक जाती मलाया, सुमात्रा, बोर्निओ या बाजूला आहेत, पण त्यामुळे कोकणातला हापूस कोणी परका म्हणत नाही. सगळ्यांत जास्त भावंडे कुठे राहतात आणि एखादे भावंड कुठे जन्मले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

दीडशे जातींबद्दल थोडक्यात सांगते. सब्जा इतका बहुरूपी आहे की पानांचा आकार, जांभळा रंग, वास यांतल्या प्रत्येक फरकाला पूर्वी वेगळे जातिनाव मिळाले. वास तर फारच फसवा. एकाच जातीच्या एका झाडात लवंगेसारखे युजेनॉल भरपूर, दुसऱ्यात लिनॅलूल, तिसऱ्यात बडीशेपेची आठवण करून देणारे मिथिल चॅव्हिकॉल. त्यात सब्जा आणि रानतुळस यांचा संकर होतो. लिंबाच्या वासाची तुळस ही त्यांचीच संतती. समनामे आणि संकर वजा केले की आकडा पासष्टच्या आसपास येतो. दीडशेचा आकडा अजून उतरवला जातो, पण तो आता सोडून द्यायला हवा.

आता तुमच्या गॅलरीकडे. ‘रामतुळस’ हे नाव मराठीत दोन झाडांना लावतात. पूजेच्या संदर्भात हिरव्या पानांची ती राम आणि जांभळट ती कृष्ण किंवा श्यामा. या दोन्ही एकाच जातीच्या, ऑसिमम टेन्युइफ्लोरमच्याच. फरक अँथोसायनिन या रंगद्रव्याचा आहे. ते उन्हात गडद होते, सावलीत फिके पडते, म्हणून पूर्वेच्या गॅलरीतली श्यामा पावसाळ्यात हिरवट दिसू लागते. दोन्ही शेजारी असतील तर मधमाश्या परागांची देवाणघेवाण करतात आणि पुढच्या पिढीत हिरवे पान, जांभळा देठ अशी मधली रोपे उगवतात. पण जुन्या मराठी वनस्पतिग्रंथांत रामतुळस म्हणजे ऑसिमम ग्रॅटिसिमम, ही वेगळीच जात. ती खरे तर झुडूप आहे. खोड लाकडासारखे होते, उंची सहज पाच-सहा फूट, पाने तळहाताएवढी, देठ लांब, वास लवंगेचा. रोपवाटिकेत ‘रामतुळस’ मागितली की यातली कोणतीही मिळू शकते, आणि विकणारा दोन्ही वेळा बरोबरच असतो. पाच फूट ऐकल्यावर माझा कौल ग्रॅटिसिममकडेच आहे. म्हणजे तुमच्या दोन कुंड्यांत दोन वेगळ्या जाती आहेत, हे तुमचे म्हणणे बहुधा खरे आहे. मात्र त्या ‘राम आणि कृष्ण’ म्हणून वेगळ्या नाहीत.

खात्री तुम्हाला घरीच करता येईल. पान आणि वास बाजूला ठेवा, निदलपुंज पाहा, म्हणजे मंजिरीतली फूल गळल्यावर मागे राहणारी ती छोटी वाटी. लागेल ते एवढेच: १० पट मोठे दाखवणारे भिंग (घड्याळजी आणि जवाहिरे वापरतात ते चालेल), टाचणी आणि पांढरी बशी. मंजिऱ्या येताच खुडायची सवय असेल तर दोन मंजिऱ्या तपकिरी होऊन सुकेपर्यंत ठेवा. आपोआप गळलेली मंजिरीही चालते, त्यामुळे तुळस तोडू नये अशा दिवशीसुद्धा अडचण येत नाही.

सुकलेली वाटी कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवा. कोरडीच उघडायला गेलात तर वरचा टोपीसारखा भाग तुटतो आणि काही कळत नाही. मऊ झाली की बाजूने पाहा. वर एक मोठा गोल पाकळीवजा भाग, खाली चार दाते आणि त्यांतले मधले दोन अणकुचीदार, ही या प्रजातीची ठेवण. आता तोंड बघा. खालचे मधले दाते वर उचलून टोपीला टेकले असतील आणि वाटीचे तोंड मिटलेले असेल, तर ती ग्रॅटिसिमम. तोंड उघडे असेल तर टाचणीने वाटी उभी चिरा आणि आत घशापाशी पाहा. केसांचे दाट कडे असेल तर सब्जा किंवा रानतुळस. आतून गुळगुळीत, केसांविना असेल तर ती आपली वृंदावनातली तुळस. सब्जाची पिकलेली वाटी साधारण ६ मिलिमीटर किंवा मोठी, रानतुळशीची ५ मिलिमीटरच्या आत. फुलातही खूण आहे. सब्जाच्या मागच्या दोन पुंकेसरांच्या बुडाशी दातासारखा उंचवटा असतो, तुळशीत तो नसतो, फक्त बारीक लव असते. पण तुळशीचे फूल जेमतेम तीन-चार मिलिमीटरचे, त्यामुळे नवशिक्याने वाटीवरच भर द्यावा.

इथे दोन चुका हमखास होतात. कोवळी वाटी घेतली तर ग्रॅटिसिममचेही तोंड उघडेच दिसते. ते बी भरताना मिटते. म्हणून आत चार कठीण दाणे जाणवतील अशीच वाटी निवडा. दुसरी चूक म्हणजे बाहेरच्या लवेला आतले केस समजणे. वाटी चिरल्याशिवाय निर्णय देऊ नका आणि एकाच मंजिरीतल्या निदान पाच वाट्या तपासा.

बियांचीही चाचणी आहे, पण ती अर्धवट मदत करते. सब्जाचे चमचाभर बी पेलाभर पाण्यात टाकले की पंधरा मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती जाड, पारदर्शक लगदा तयार होतो. फालुद्यात आपण तोच खातो. वृंदावनातल्या तुळशीच्या बीला तसा जाड लगदा येत नाही. घोटाळा होतो तो विलायती तुळशीमुळे. रेल्वेमार्गाच्या कडेला, पडीक जमिनीवर निळसर फुलांची, उग्र वासाची जी झुडपे माजतात, त्यांना अनेकजण रानतुळस म्हणतात. तिचे बीसुद्धा पाण्यात फुगते. ती अमेरिकेतून आलेली आहे आणि ऑसिमममध्ये मोडतच नाही. पूर्वी तिला हिप्टिस म्हणत, २०१२ पासून मेसोस्फेरम म्हणतात. तिच्या वाटीला गोल टोपी नसते, पाचही दाते सारखे आणि काट्यासारखे ताठ असतात. हे भिंगाशिवायही दिसते.

तुमच्या कुंडीतला नमुना कायमचा ठेवायचा असेल तर पान-फूल-सुकी वाटी तिन्ही असलेली वीतभर फांदी वर्तमानपत्रात दाबा. मुंबईत जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की पहिले पाच दिवस कागद रोज बदलावा लागतो. एक दिवस चुकला तरी पाने काळी पडतात आणि बुरशी धरते, कारण तुळशीचे पान पातळ असले तरी खोडातले पाणी सावकाश निघते. जाड खोड उभे चिरून अर्धे करा. फुलाचा रंग, झाडाची उंची, वास आणि तारीख त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहा, कारण वाळल्यावर रंग आणि वास दोन्ही जातात. उंचीची नोंद तर अवश्य करा, वीतभर फांदीवरून पाच फूट कोणालाच कळणार नाहीत. चिठ्ठीवर तुम्ही सँक्टम लिहिलेत तरी ते फाडू नये. हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहात, जुनी चिठ्ठी तशीच ठेवून नव्या नावाची दुसरी तिच्याजवळ चिकटवतात, कारण त्या काळी त्या झाडाला काय म्हणत होते हीसुद्धा माहितीच असते.

लेखाचा मथळा आज बदलला आहे. आता तो ‘तुळशीच्या प्रजातीतील सर्वाधिक जाती आफ्रिकेत’ असा आहे, आणि लेखात जिथे जिथे प्रजाती म्हणायचे होते तिथे तसेच लिहिले आहे. राम-कृष्ण तुळशीच्या परिच्छेदात ग्रॅटिसिममचा उल्लेख राहून गेला होता, तो तुमच्या प्रश्नासह जोडला आहे. दोन्ही कुंड्यांतल्या चिरलेल्या वाट्यांचे फोटो पांढऱ्या बशीवर, शेजारी पट्टी ठेवून पाठवलेत तर तेही तिथेच लावता येतील.