बॅटरी काढून ठेवणाऱ्यांची बाजू घेऊन थोडंसं

कुणाकडे गेले की माझी नजर आपसूक छताकडे जाते. खोडच आहे म्हणा. आणि घरात स्मोक अलार्म असला तरी पुष्कळदा दिसतं ते हेच: पांढरी डबी, झाकण अर्धवट लटकलेलं, आत बॅटरीच्या जागी लोंबणाऱ्या लाल-काळ्या दोन वायरी. विचारलं की उत्तरही ठरलेलं, "अहो, सारखा बोंबलायचा, काढून टाकली."

अशा माणसांना बेफिकीर म्हणून झोडपायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. शेगडी पेटवली की दर वेळी किंचाळणारं यंत्र शहाण्यातला शहाणा माणूसही कधीतरी बंद करणारच. दोष त्याचा कमी, चुकीचा अलार्म चुकीच्या जागी लावणाऱ्याचा जास्त. पण परिणाम भयंकर आहे. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचे आकडे बघा: तिथे घरांच्या आगीत जाणाऱ्या ५ जणांपैकी साधारण ३ जण अशा घरांतले असतात, जिथे अलार्म नव्हताच किंवा असून चालू नव्हता. न चालण्याचं सगळ्यात मोठं कारण बिघाड नाही. वीज तोडलेली किंवा बॅटरी काढलेली, हे आहे.

म्हणून अलार्म घेताना माझा पहिला प्रश्न "किती लवकर वाजतो" हा नसतोच. "उगाच किती वेळा वाजेल" हा असतो.

मुख्य प्रकार दोन. आयोनायझेशन अलार्ममध्ये अमेरिशिअम-२४१ हे किरणोत्सारी मूलद्रव्य असतं, मायक्रोग्रॅमच्याही अंशाएवढं. त्यामुळे डबीतली हवा विद्युतभारित होऊन एक क्षीण प्रवाह वाहत राहतो. धुराचे कण शिरले की प्रवाह घटतो आणि भोंगा वाजतो. (किरणोत्सार म्हटल्यावर दचकू नका, त्यातले अल्फा कण हवेत काही सेंटिमीटरच जातात. डबी फोडून बघायची हौस तेवढी आवरा.) याची सुरुवातही गमतीची. १९३० च्या दशकात वॉल्टर येगर हा स्विस शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारं यंत्र बनवत होता. वायूला ते दाद देईना. वैतागून त्याने सिगरेट पेटवली आणि यंत्राने धुराची नोंद घेतली, असं सांगतात.

हा प्रकार भडकलेल्या आगीचा बारीक धूर चटकन पकडतो. पण स्वयंपाकात उडणारे कणही तितकेच बारीक, त्यामुळे नको तेव्हा बोंबलणारा बहुधा हाच असतो.

फोटोइलेक्ट्रिकमध्ये आत प्रकाशाचा झोत असतो आणि सेन्सर असा बाजूला बसवलेला, की झोत त्याच्यावर थेट पडत नाही. धूर आला की प्रकाश विखुरतो, सेन्सरपर्यंत पोचतो, अलार्म वाजतो. गादी, सोफा किंवा वायरचं आवरण धुमसायला लागलं की जो जाडसर धूर येतो, तो याला लवकर कळतो. झोपलेल्या माणसाला गाठणारी आग अनेकदा अशीच, ज्वाळा दिसायच्या आधी बराच वेळ धुमसत असते. दोन्ही सेन्सर एकत्र असलेले अलार्मही मिळतात, पण एकाच प्रकारचा घ्यायचा तर मी फोटोइलेक्ट्रिक घेईन.

जागेचं म्हणाल तर धूर वर चढतो, म्हणून छत उत्तम. भिंतीवर लावायचा तर छतापासून ३० सेंटिमीटरच्या आत. शेगडीपासून निदान ३ मीटर दूर, न्हाणीघराच्या दारासमोर नको, पंख्याच्या किंवा एसीच्या झोतात नको. खुद्द स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णतेवर चालणारा हीट अलार्म बसवावा, तो इतरांची जागा मात्र घेत नाही. झोपायच्या प्रत्येक खोलीत एक, त्या खोल्यांबाहेर एक आणि प्रत्येक मजल्यावर किमान एक, एवढं हवंच. जमलं तर एक वाजला की सगळे वाजतील असे जोडलेले घ्या, बंद दाराआड झोपलेल्याला दुसऱ्या टोकाचा भोंगा ऐकू येईलच असं नाही. "वास आला की उठू की" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, की झोपेत नाकावर भरवसा ठेवता येत नाही. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. त्याचा आणि गॅसगळतीचा अलार्म वेगळा घ्यावा लागतो, साध्या स्मोक अलार्मला त्यातलं काही कळत नाही.

देखभालीत खरा वैताग म्हणजे ती मध्यरात्रीची "चीं". मिनिटभराने पुन्हा "चीं". बॅटरी उतरल्याची ती खूण, आणि ती नेमकी रात्रीच सुरू होते कारण गारव्यात उतरत्या बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) आणखी घसरतो. मग अर्धवट झोपेत कुणीतरी स्टुलावर चढतं, बॅटरी काढतं, आणि नवी घालायचं कायमचं राहून जातं. म्हणूनच १० वर्षं चालणारी सीलबंद लिथियम बॅटरी असलेला अलार्म मला आवडतो. काढायची सोयच नाही! साधी बॅटरी असेल तर "चीं"ची वाट न बघता वर्षातून एकदा बदलून टाका.

महिन्यातून एकदा टेस्ट बटण दाबा. भोंगा वाजला म्हणजे बॅटरी आणि सर्किट ठीक, पण जाळीत धूळ किंवा चिलटं अडकलीत का, हे बटण सांगत नाही. ते व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने काढावं लागतं. रंगकामाच्या वेळी अलार्मवर रंग फिरवू देऊ नका. आणि डबी उतरवून मागचं लेबल वाचा. उत्पादनाच्या तारखेपासून १० वर्षं झाली असतील तर भोंगा कितीही खणखणीत वाजू दे, नवा आणा. तारीख उत्पादनाची धरायची, खरेदीची नव्हे.

आता उलटी बाजू: हवा तेव्हा वाजूनही ऐकू न येणं. नेहमीचा भोंगा ३ मीटरवर ८५ डेसिबलच्या आसपास असतो, पण त्याचा सूर फार वरचा. लहान मुलं त्यात बिनघोर झोपून राहू शकतात, आणि वयपरत्वे आधी वरचेच सूर ऐकू येईनासे होतात. अशांना ५२० हर्ट्झचा खालच्या सुरातला भोंगा जास्त जागं करतो. घरातलं कुणी श्रवणयंत्र काढून झोपत असेल तर उशीखाली ठेवायची थरथरणारी चकतीही मिळते. मागवण्याआधी ती तुमच्या अलार्मशी जुळते का, तेवढं बघून घ्या.